शेवटच्या पंगतीची बाई

गावात शिरलं की काकाजी आधी आजारी माणूस शोधायचे. लग्नघर नंतर. एसटीतून उतरलेला तो पितळी तोंडाचा भोंगा त्यांच्या खांद्यावर, मागे बॅटरी आणि अ‍ॅम्प्लिफायरची पेटी घेऊन मी घामानं निथळतोय, आणि हे पारावरच्या पहिल्याच माणसाला विचारणार, "कोनी बिमार हाय का गावात? कोन्या घरी बाळंतीन? कोन्या पोट्ट्याची परीक्षा?" लोकांना वाटायचं, वैद्य आला. मग जिकडे आजारी असेल तिकडे पाठ करून भोंगा बांधायचा. एका गावात तीन दिशांना तीन आजारी निघाले. काकाजींनी भोंग्याचं तोंड चौथ्या दिशेला, कापूस वेचून झालेल्या उजाड शेतांकडे केलं. नवरदेवाचा बाप तणतणत आला.

"काकाजी, मांडवात काईच आयकू येऊन नाई राह्यलं!"

"मांडवातल्या लोकायले माहीत हाय ना का लगन हाय म्हनून?"

"हाय ना."

"मंग झालं."

अमरावतीत एसटी स्टँडच्या मागे त्यांचं टिनाचं दुकान होतं. लग्नाला, सभेला, जत्रेला लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा हा धंदा. दोन भोंगे, दोन पेट्या, मोटारीच्या चार बॅटऱ्या आणि गाण्यांच्या तबकड्यांची एक ट्रंक. माणूस उंच, पण उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली गेलेला, वर्षानुवर्षं भोंगा वाहून. सगळा मुलूख त्यांना काकाजी म्हणायचा. मीही तेच म्हणायचो आणि इथेही तेच म्हणणार.

मी दापोलीकडचा. सहावीत असताना वडील गेले आणि शाळा तिथेच सुटली. पुढे बरीच वर्षं मिळेल ते काम करून, बाविसाव्या वर्षी एका नातेवाइकाच्या शब्दावर अकोल्याला आलो. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो मला चिकटवून देणार होता. येऊन बघतो तर तोच काम सोडून कुठेसा निघून गेलेला. दोन दिवस मी अकोल्याच्या स्टँडवर बसून होतो. परत जायची सोय नव्हती आणि आईला काय तोंड दाखवायचं तेही सुचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक उंच म्हातारा कंडक्टरशी भांडताना दिसला. भोंगा टपावर टाकायला म्हातारा तयार नव्हता.

"आतमंदी बसवाले हा काय नवरदेव हाय का?" कंडक्टर म्हणत होता.

"नवरदेवापेक्षा याचा आवाज मोठा हाय. वरून पडला तं लगन थांबते. नवरदेव पडला तं दुसरा भेटते."

एवढं बोलून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, मी रिकामा दिसलो, म्हणाले, "ए बाबू, धर बरं हा." मी धरला. अकोटपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. त्यानंतर सात वर्षं मी त्यांच्याकडे होतो. माझ्या घरी जी चूल पेटत राहिली ती त्या एका वाक्यावर. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर म्हणाले असते, "भोंगा जड होता, म्हनून देल्ला."

मला ते कोकन्या म्हणायचे. वऱ्हाडातला वैशाख माझ्या अंगाला कधी मानवला नाही. लगीनसराईत लागोपाठ चार-चार दिवस आज वलगाव, उद्या नांदगाव खंडेश्वर, परवा त्याच्याही पलीकडे. उन्हात पत्र्यासारखी तापलेली बस, डोक्यावर ओला पंचा, आणि पोचलं की लगेच लिंबाच्या झाडावर चढून तार ओढायची. काकाजी माझ्याहून तीस वर्षांनी मोठे, पण कधी दमलो म्हणाले नाहीत. दमले की बॅटरीच्या खोक्यावर बसून हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता बॅटरी उतरली." ती कोणाची ते मला समजायचं.

माईक तपासताना बाकीचे भोंगेवाले "हॅलो हॅलो, वन टू थ्री" म्हणतात. काकाजी विचारायचे, "पानी आलं का? पानी आलं का?" साऱ्या गावाला ऐकू जायचं. उन्हाळ्यात वऱ्हाडात दुसरा कोणता प्रश्न विचारण्यासारखा आहे, असं त्यांचं म्हणणं. विहिरीवरून एखादी बाई ओरडून उत्तर द्यायची, "नाई आलं वो!" म्हणजे माईक चालू आहे.

आणि त्यांचा सगळ्यात मोठा वेडेपणा म्हणजे शेवटची पंगत. लग्नात आधी वऱ्हाडी जेवतात, मग गावातले मानाचे, मग बाकीचे. सर्वांत शेवटी पाणी वाहणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, लाकडं फोडणारे. त्यांच्या वाट्याला काय येईल ते येईल. काकाजी स्वतः त्या पंगतीत बसायचे, त्याआधी घास घ्यायचे नाहीत. ती पंगत बसायच्या आत मांडव रिकामा व्हायला लागला की ते माईक हातात घ्यायचे, "नवरीच्या बापाले सांगनं हाय, चुलीवरच्या सात बाया अजून उपाशी हायेत. नवरदेवाच्या मामाले सांगनं हाय, मांडव सोडू नका." नावानिशी, साऱ्या पंचक्रोशीला ऐकू जाईल असं. त्यापायी कित्येक घरांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. काही घरांनी मात्र मुद्दाम बोलावलं. काकाजी असले म्हणजे कुणी उपाशी गेलं असं बोट ठेवायला जागा उरत नाही म्हणून.

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या घरच्यांनी अशा पंगतींना जाणंच सोडलं होतं. भाऊ म्हणायचा, त्या उष्ट्या पंगतीत तू अजून कशाला बसतोस. काकाजी म्हणायचे, "मी बसतो म्हनूनच ते उष्टी नाई."

आता त्या बाईचं सांगतो.

अमरावतीच्या एका मिशन दवाखान्यातली परदेशी नर्स मायदेशी परत जाणार होती. तिच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात काकाजींनी रेकॉर्ड वाजवायचं नव्या तऱ्हेचं यंत्र घेतलं. घरी आणून झाकण उघडलं तर आत एक तबकडी तशीच राहिलेली. मोठी, काळीभोर, एका बाजूला सहा-सात गाणी मावतील अशी. तिचं पुठ्ठ्याचं पाकीट अर्धं वाळवीनं खाल्लेलं. उरलेल्या अर्ध्यावर एका गोऱ्या बाईचा एक डोळा, एक गाल आणि थोडी इंग्रजी अक्षरं. पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांनी ती वाचून सांगितलं, "ही विलायतेतली गाणारी आहे. हिची आजवरची सगळ्यात गाजलेली गाणी निवडून या एका तबकडीत घातलीत. नाव वाळवीनं खाल्लं."

"निवडले म्हनजे? कोनं निवडले?"

"कंपनीनं."

"अन बाकीचे?"

"बाकीची असतील कुठेतरी."

"त्यायनं काय पाप केलं होतं?"

मास्तर पाकीट परत देऊन घरी गेले. काकाजींना मात्र तो घोर लागून राहिला. तार गुंडाळता गुंडाळता मध्येच विचारायचे, "कोकन्या, त्या बाईचे बाकीचे गाने काय करत असतीन रे?" मी म्हणायचो, असतील घरी. "हं. घरीच बसले असतीन," असं म्हणून पुन्हा तार गुंडाळायला लागायचे.

ती तबकडी आम्ही पहिल्यांदा दुकानात वाजवली तेव्हा टीन तापून कडकड वाजत होतं. बाईचा आवाज मोठा होता, पण ती ओरडत नव्हती. ओळ संपता संपता श्वास सोडायची, तो ऐकू यायचा. शब्द आम्हाला एकही समजला नाही. मला आई आठवली. का, ते सांगता येणार नाही. काकाजी खोक्यावर बसून ऐकत होते.

"हे बाई कामावरून आलेली हाय," ते म्हणाले. "दिवसभर उभी होती कुठीतरी. आता बसून बोलून राह्यली."

लग्नात ती वाजली ती अपघातानं. वलगावच्या एका लग्नात सगळ्या पंगती उठल्या, आमची फिल्मी गाणी दोनदा वाजवून झाली, तरी माणसं हलेनात. काकाजींनी सहज ही तबकडी लावली. दोन मिनिटं सगळे भोंग्याकडे बघत राहिले. मग एक म्हातारा उठला, धोतर झटकलं, म्हणाला, "चला बाप्पा, मशीन बिघडली." त्याच्यामागे सगळा मांडव उठला.

तिथून पद्धतच पडली. शेवटची पंगत जेवून उठली की काकाजी बाईला लावायचे आणि आम्ही तार गुंडाळायला घ्यायचो. हळूहळू दहा-वीस गावांना ते कळून गेलं. बाई वाजली की आचारी चूल विझवायचा, उरलंसुरलं वाटून टाकायचा, बैलगाड्या जुंपल्या जायच्या. सगळ्यांचं जेवण झालं, आता घरी जा, असा तो हुकूम. काकाजी दुसऱ्या कोणाला तिला हात लावू देत नसत. धोतराच्या सोग्यानं पुसायचे, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायचे.

पुढे एका वर्षी वैशाखात त्यांची कंबर धरली. उठता येईना. नांदगावच्या बाजूचं एक लग्न आधीच कबूल केलेलं. ते म्हणाले, "तू जाय." मी सहा वर्षं त्यांच्याबरोबर हिंडलो होतो, पण एकट्यानं कधी गेलो नव्हतो. त्यांनी लुगड्यात गुंडाळलेली बाई माझ्या हातात दिली आणि एकच गोष्ट सांगितली, "पंगत उठल्याबिगर वाजवू नोको."

लग्न सकाळी लागलं. दुपार कलली तोवर तीन पंगती झाल्या. मी त्याआधी सलग तीन दिवस काकाजींबरोबर लग्नांत होतो, डोळ्यांपुढे झाडं हलत होती. पाणी भरणाऱ्या अकरा बाया गावाबाहेरच्या विहिरीवर गेल्या होत्या, भांड्यांसाठी पाणी आणायला. त्या आल्या की त्यांची पंगत बसायची होती. तेवढ्यात नवरदेवाचा थोरला भाऊ आला.

"ए भोंगेवाल्या, लाव तुही ते गोरी. दिवस बुडाच्या आत गावी पोचलो पाह्यजे. हे लोकं उठून नाई राह्यले."

"शेवटची पंगत राहिली आहे."

"बसतीन ना त्या मागून. आपल्या जान्यानं त्यायचं काय अडते?" मी तार सारखी करायला लागलो तसा तो जवळ आला. "लावतो का नाई? का सांगू तुह्या मालकाले, का तुह्या मानसानं वऱ्हाडाचा अपमान केला म्हनून?"

मला त्या क्षणी काय दिसलं ते खरं सांगतो. अकोल्याचा स्टँड दिसला. मी तबकडी काढली आणि लावली.

मांडव लगेच उठला. माझी चूक मला तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला समजली, जेव्हा चुलीवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला. मी सुई उचलून माईकवर ओरडलो, "थांबा, पंगत राहिली आहे." पण माझा कोकणी आवाज कोणाला ओळखीचा नव्हता, आणि गाड्या जुंपायचा गलका झालेला. आचाऱ्याकडे धावलो. तो हात पुसत म्हणाला, "बाई वाजली ना? मी वाटून टाकलं. बुंदीची टोपली वऱ्हाडाच्या गाडीत गेली."

बाया आल्या तेव्हा स्वयंपाकाचे मोठे गंज पालथे घातलेले होते. डोक्यावरच्या घागरी तशाच. कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्यात एक बुढी होती, कपाळावर गोंदण असलेली. तिनं पालथ्या गंजांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काकाजी नाई आले का आज?"

"नाही."

"तरीच," ती बाकीच्यांना म्हणाली. "चला वो." त्यांनी भांडी घासायचं पाणी तिथेच ठेवलं आणि निघून गेल्या.

लग्नाहून आलं की काकाजी पहिलं विचारायचे ते गिऱ्हाइकानं काय दिलं हे नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आडवे पडल्यापडल्याच त्यांनी विचारलं, "शेवटी किती जनी होत्या?"

"अकरा."

"काय वाढलं?"

"वरण, पोळी, वांग्याची भाजी. बुंदी."

"बुंदी पुरली?"

"पुरली," मी म्हणालो.

"बरं झालं. कधी कधी बुंदीच नाई पुरत." आणि ते भिंतीकडे कूस वळवून झोपले.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी जगलो कसा ते माझं मला माहीत. त्यांनी हाक मारली की मी काहीतरी काम काढून बाहेर निघायचो. ते जास्तच चांगलं वागताहेत असं वाटायचं. खरं तर ते नेहमीसारखेच होते.

कंबर जरा बरी झाल्यावर आम्ही दोघं त्याच भागात, शेजारच्या गावाच्या लग्नाला गेलो. पाणी भरायला त्याच अकरा बाया आलेल्या. भर दुपारी, पहिली पंगत बसलेली असताना, त्या बाभळीखाली बसून फडक्यातली भाकरी आणि ठेचा खात होत्या. काकाजींनी लांबून पाहिलं आणि त्यांच्याकडे गेले. मी पेटीजवळ उभा होतो. सगळं ऐकू येत होतं.

"काहून वो, लगनाच्या दिवशी घरची भाकर?"

बुढी घास गिळून म्हणाली, "काय करता काकाजी. बाईचा काई भरोसा नाई राह्यला."

काकाजींनी त्या भाकरीकडे पाहिलं. वळून माझ्याकडे पाहिलं. अकरा बाया होत्या, त्यांनी मोजल्याच असणार. मग येऊन खोक्यावर बसले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. त्या दिवशी त्यांनी बाई वाजवली नाही. लोक बराच वेळ घुटमळले आणि मग आपापले गेले.

सामान आवरून झाल्यावर म्हणाले, "बुंदी पुरली म्हनला होता तू."

"तुम्ही काढून टाकाल असं वाटलं."

"काढून टाकलं असतं तं कुठी गेला असता?"

"माहीत नाही."

"मलेही ठाऊक नाई," ते म्हणाले. पेटीचा पट्टा ओढून बांधला. "माही माय अशीच एक बार इहिरीवर राह्यली होती. मी लहान होतो, तिच्या पाठीमागं. आलो तं सारे लोकं उठून गेल्ते." एवढंच. मग म्हणाले, "उद्या त्यायच्या गावी जाय. माफी मागू नोको, माफीनं पोट नाई भरत. त्यायले विचारून ये, बाईले वाजवाचं का नाई. त्या नाई म्हनल्या तं मी ते तबकडी कोनाले देऊन टाकतो."

"आणि मी?"

"तू काय? तुले कोनाले देऊ? भोंगा कोन धरन?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो. बुढी अंगणात तूर पाखडत होती. मी मनातल्या मनात घोकून आलेलं सगळं विसरलो आणि काकाजींचा निरोप तेवढा सांगितला. तिनं सूप खाली ठेवलं. शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारून जमवलं. त्यांच्यात बरीच बोलाचाली झाली. एकीचं म्हणणं, नको ती गोरी अवदसा. दुसरी म्हणाली, "तिचा काय गुन्हा? गाते चांगली." बुढी शेवटी माझ्याकडे वळली.

"वाजवा म्हना काकाजीले. पन आमी उठल्यावर नाई. आमी बसल्यावर. बाई वाजली म्हनजे आमच्या पत्रावळी पडल्या, असं झालं पाह्यजे. मंग कोन चूल इझवते ते पाहू."

मी परत येऊन सांगितलं. काकाजी खूप वेळ हसत राहिले. कंबर दुखत होती म्हणून पोटाला हात लावून हसले.

ज्येष्ठातलं, लगीनसराईतलं जवळजवळ शेवटचं लग्न त्याच बायांच्या गावी निघालं. तिन्ही पंगती उठल्या. काकाजींनी माईकवर सांगितलं, "सर्व मंडळीले सांगनं हाय, आता बाई वाजन. म्हनजे शेवटची पंगत बसली. ते उठेपर्यंत कोनी चुलीले हात लावू नोका, कोनी गाडी जुंपू नोका." लोक कुरकुरले. एक-दोघं उठलेले पुन्हा बसले. अकरा बाया मांडवाच्या मधोमध, जिथे वऱ्हाडी बसले होते तिथे, पत्रावळींपुढे बसल्या. अंग चोरून, एकमेकींना चिकटून. मी तबकडी लावली आणि वाढायला गेलो. पोळी वाढली, वरण वाढलं, बुंदी वाढली. साऱ्या मांडवासमोर आपण जेवतो आहोत याची त्यांना सवय नव्हती. नुसती ती विलायतेतली बाई गात होती, आणि बॅटरी अर्धी उतरल्यामुळे जरा जडच गात होती.

पंगत अर्धी झाली आणि गाणी थांबली. सुई मध्यापाशी जाऊन खरखरायला लागली. तशा त्या सगळ्या जणी एकदम भराभर घास घ्यायला लागल्या. एकीनं तर पत्रावळ दुमडायला घेतली. तबकडीची दुसरी बाजू आम्ही तोवर कोणत्याच लग्नात वाजवली नव्हती. तार गुंडाळेपर्यंत एकच पुरायची.

काकाजी आपल्या पत्रावळीवरून उठले. कंबर धरत माईकपर्यंत गेले आणि मला हातानं पालटायची खूण केली. माझे हात बुंदीच्या पाकानं चिकट झालेले. ते सदऱ्याला पुसून मी तबकडी उलटी केली. सुई टेकायच्या आधी, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं, ते हळूच म्हणाले, "सावकाश जेवा वो मायबाई. अजून एक बाजू हाय."